कमरेचा पट्टा आणि त्याचे भाऊबंद

कामाला लागावयाचें म्हणजे आपण ‘कंबर कसतों’ आणि संकटापुढें हतबल झालों म्हणजे आपली ‘कंबर मोडते’. माणसाचें बळ कमरेंत असतें आणि तें आवळून बांधलें म्हणजे वाढतें, असें आपल्या भाषेनें फार पूर्वींच ठरवून टाकलें आहे. हमाल पोत्याला हात घालण्यापूर्वीं कमरेचा पंचा आवळतो, शेतकरी उपरणें गुंडाळून पिकाला पाणी देण्यास उतरतो, आणि बाळंतिणीचें पोट जुन्या लुगड्याच्या पट्टीनें बांधण्याची चाल तर घरोघर होती. त्यामुळें औषधांच्या दुकानांत टांगलेला, मागें कांबी घातलेला आणि पुढें चिकटपट्टीनें आवळावयाचा कमरेचा पट्टा आपणांस मुळींच परका वाटत नाहीं. तो आपल्या जुन्या समजुतीचाच नवा अवतार आहे.

या पट्ट्याविषयीं अमळनेरच्या एका वाचक-भगिनीचें पत्र आलें आहे. त्या विचारतात, “माझी कंबर दोन वर्षांपासून दुखते. कोणी पट्टा बांध म्हणतें, कोणी व्यायाम कर म्हणतें, कोणी नुसतें पडून रहा म्हणतें. घरांत दहा माणसें आणि दहा मतें. मीं कोणाचें ऐकावें?” प्रश्न सरळ आहे; उत्तरही बरेंचसें सरळ देतां येईल. मात्र तें देण्यापूर्वीं मला माझ्या घरांतील दोन गोष्टी सांगाव्या लागतील, आणि त्यांपैकीं एक सांगतांना मला संकोच वाटतो.

पहिली गोष्ट आमच्या जळगांवच्या घरांतील. आमच्या मातुःश्री अखेरचीं तीन वर्षें अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना उठविणें, कुशीवर वळविणें, चाकांच्या खुर्चींत बसविणें हें सारें काम थोरल्या वहिनी करीत. पहिल्या वर्षाच्या अखेरीस वहिनींची कंबर धरली. त्या ओट्याशीं उभ्या राहूं शकत ना, पाटावर बसूं शकत ना. आम्ही दोघे भाऊ लगोलग बाजारांत गेलों आणि उत्तमांतला पट्टा घेऊन आलों. वहिनींनीं तो बांधला आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां मातुःश्रींना उचलण्यास लागल्या. घरांतील सर्वांस हायसें वाटलें. वैशाखांत आमच्या खानदेशांत पारा 45 अंशांच्या घरांत जातो. त्या उन्हांत तो जाड पट्टा दिवसभर बांधून वहिनींच्या कमरेला घामोळ्यांचा लाल कडा उठला होता. पण सोडला तर कंबर मोडेल ही भीति त्यांच्या मनांत पक्की बसली होती.

आतां या पट्ट्याची परीक्षा शास्त्रानें कशी केली आहे तें पाहूं. अमेरिकेंत गोदामें आणि दुकानें यांतून ओझीं उचलणाऱ्या कामगारांना असे पट्टे सर्रास देत असत. 1994 सालीं तेथील सरकारी आरोग्यसंस्थेनें सर्व पुरावा तपासला आणि धडधाकट कामगारानें दुखापत टाळण्यासाठीं पट्टा बांधावा, अशी शिफारस करण्यास नकार दिला. पुढें 2000 सालीं 160 नव्या दुकानांतील नऊ हजारांहून अधिक कामगारांची पाहणी प्रसिद्ध झाली. नेमानें पट्टा बांधणारे आणि न बांधणारे यांच्यांत कंबरदुखीच्या बाबतींत फरक आढळला नाहीं. 2008 सालीं कॉक्रेन या संस्थेनें जगभरचे प्रयोग एकत्र केले. कंबरदुखी टाळण्यासाठीं पट्टा कितपत उपयोगी, हें पाहणारे सात प्रयोग होते व त्यांत 14,437 माणसें होतीं. निष्कर्ष असा निघाला कीं, पट्टा बांधणें हें कांहीं न करण्यापेक्षां किंवा ओझें उचलण्याचें शिक्षण घेण्यापेक्षां अधिक गुणकारी नाहीं. दुखणें सुरू झाल्यानंतर तो गुण देतो कीं नाहीं, याविषयीं मात्र प्रयोगांत एकवाक्यता नव्हती.

तथापि पट्ट्यावर अन्याय करूं नये. 2007 सालीं हॉलंडमध्यें 360 गृहपरिचारकांवर एक प्रयोग झाला. हीं माणसें घरोघर जाऊन वृद्धांना व आजाऱ्यांना उठविण्या-बसविण्याचें, म्हणजे नेमकें आमच्या वहिनींचें काम करीत, आणि त्यांना पूर्वीं कंबरदुखी होऊन गेलेली होती. दुखेल त्या दिवशीं पट्टा बांधणारांचे दुखरे दिवस वर्षभरांत बरेच कमी झाले. पण आजारपणाच्या रजा कमी झाल्या नाहींत. 2009 सालीं फ्रान्समध्यें 197 रोग्यांवर झालेल्या प्रयोगांतही, दुखणें फार जुनें झालेलें नसतांना लवचीक पट्ट्यानें हालचाल सुधारल्याचें दिसलें. म्हणजे पट्टा अगदींच निरुपयोगी नाहीं. तो ऊब देतो, वांकतांना आठवण करून देतो, धीर देतो. ‘पट्ट्यानें स्नायू कायमचे लुळे पडतात’ असें जें सांगतात, तेंही प्रयोगांनीं निश्चित सिद्ध झालेलें नाहीं. परंतु तीन महिन्यांहून अधिक मुरलेल्या साध्या कंबरदुखीसाठीं जागतिक आरोग्य संघटनेनें डिसेंबर 2023 मध्यें जीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांत नित्याचा उपचार म्हणून पट्टे देऊं नयेत असें स्पष्ट म्हटलें आहे. वजनें लावून कंबर ताणण्याचा उपचार आणि अफूच्या जातीचीं वेदनाशामकें यांचीही तीच वाट लावली आहे. शिफारस केली आहे ती रोग्याला दुखणें नीट समजावून सांगण्याची, व्यायामाची, मर्दनादि कांहीं हस्तोपचारांची आणि मनाला धीर देणाऱ्या उपचारांची.

आतां पट्ट्याच्या भाऊबंदांकडे वळूं.

त्यांतला सर्वांत वडील भाऊ म्हणजे अंथरूण. ‘पडून रहा’ हा सल्ला देण्यास पैसा पडत नाहीं, म्हणून तो सर्वांत जास्त दिला जातो. 1986 सालीं अमेरिकेंत 203 रोग्यांपैकीं कांहींना दोन दिवस व कांहींना सात दिवस विश्रांति सांगण्यांत आली. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे पुष्कळच कमी झाले, आणि बाकी गुण दोघांना सारखाच आला. 1995 सालीं हेलसिंकी येथें याहून पुढची पायरी गांठली गेली. एका गटाला अंथरूण, दुसऱ्याला व्यायाम, आणि तिसऱ्याला ‘झेपेल तितकें नेहमींचें काम करा’ एवढाच सल्ला दिला. तिसरा गट सर्वांत लवकर सुधारला. तेव्हां पहिले एक-दोन दिवस फार ठणका असेल तर अवश्य पडावें. पण तिसऱ्या दिवशीं उठून घरांत फिरावें. ताजी उसण बहुतेकांची सहा आठवड्यांच्या आंत पुष्कळशी उतरते. म्हणूनच ज्या उपायानंतर ती उतरते त्या उपायाला श्रेय मिळतें.

हें श्रेय कसें मिळतें याचें उत्तम उदाहरण आपल्याकडील पायाळू माणसाचें आहे. उसण भरली कीं पायाळू, म्हणजे जन्मतांना पायांकडून आलेलें, माणूस शोधावयाचें आणि त्याच्याकडून कमरेला हलकेच लाथ लावून घ्यावयाची. माझ्या लहानपणीं धुळ्याच्या आमच्या गल्लींत असा एक मुलगा होता. त्याला या कामासाठीं सकाळीं-सकाळीं बोलावणें येई व गुळाचा खडा मिळे. चार दिवसांत उतरावयाची उसण चार दिवसांतच उतरत असे, आणि कीर्ति त्या मुलाच्या पायाची होत असे. यांत कोणाचें नुकसान नव्हतें. डाग देण्याच्या चालीचें मात्र तसें नाहीं. तापल्या लोखंडाचा चटका दुखणें बरें करीत नाहीं, जखम मात्र नवी देतो. ती चाल जेथें असेल तेथें ती मोडलीच पाहिजे.

दुसरा भाऊ शेक. गरम पाण्याची पिशवी, वाळूची पुरचुंडी, तव्यावर गरम केलेलें एरंडाचें पान, निर्गुडीच्या पाल्याचा वाफारा हे आजीबाईंच्या बटव्यांतले उपाय. वैद्यांच्या कटिबस्तींत उडदाच्या पिठाचें आळें कमरेवर करून त्यांत कोमट तेल धरून ठेवतात. उबेनें ताज्या दुखण्याला थोड्या काळापुरता उतार पडतो, हें प्रयोगांनींही मान्य केलें आहे. तेवढ्या काळांत हिंडून-फिरून घ्यावें, हाच शेकाचा खरा उपयोग. ज्यांना मधुमेह आहे, पायांना वा कमरेला बधिरता आहे, त्यांनीं शेकाला जपावें. त्यांना भाजलेलें कळत नाहीं.

तिसरा भाऊ गोळी. पॅरासिटामोल ही गोळी आपल्या घरांतून चिवड्यासारखी खाल्ली जाते. 2014 सालीं ऑस्ट्रेलियांतील 1,652 रोग्यांवरील प्रयोग ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झाला. खरी गोळी घेणारे साधारण 17 दिवसांत बरे झाले, आणि औषध नसलेली खोटी गोळी घेणारे 16 दिवसांत! सूज उतरविणारीं इतर वेदनाशामकें कांहींसा गुण देतात. परंतु तीं जठराला, मूत्रपिंडाला आणि रक्तदाबाला बाधक होऊं शकतात. घरांतील वडीलधाऱ्यांना तीं डॉक्टरांस विचारल्यावांचून देऊं नयेत.

चौथा भाऊ फोटो. त्याला उपचार म्हणतां येत नाहीं. पण आजकाल अर्धें दुखणें त्याच्या पोटीं जन्म घेतें. 1934 सालीं बोस्टन येथील मिक्स्टर व बार या दोन शस्त्रवैद्यांनीं दाखवून दिलें कीं, मणक्यांमधील चकती सरकून मज्जातंतूवर दाब आला म्हणजे पायांत कळ जाते. शोध मोठा होता. पण तेव्हांपासून साऱ्याच कंबरदुखीचें खापर चकतीवर फुटूं लागलें. 1994 सालीं कंबर मुळींच दुखत नसलेल्या 98 माणसांचे एम्. आर्. आय्. काढण्यांत आले, तेव्हां त्यांपैकीं 52 टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या आढळल्या! पिकलेले केस ज्याप्रमाणें रोग नव्हेत, त्याप्रमाणें वयपरत्वें झिजलेली चकतीही पुष्कळदां रोग नसते. अहवालांतील जड शब्द वाचून वहिनींनीं धसका घेतला होता, आणि तो धसका पट्ट्याहून घट्ट होता.

पांचवा भाऊ गादी. पाठदुखीला लाकडी फळी उत्तम, असें आपण पिढ्यान्पिढ्या ऐकत आलों. स्पेनमध्यें 313 माणसांवर झालेल्या आणि 2003 सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अगदीं कठीण गादीपेक्षां मध्यम कठीण गादी बरी ठरली. कापसाच्या मुलखांत राहणाऱ्या आपणांस ही गोष्ट सोयीचीच आहे. बसलेली गादी पिंजून घ्यावी, आणि झोळ पडलेली बाज तेवढी टाळावी.

आणि धाकटा भाऊ, ज्याच्याकडे कोणी पहात नाहीं, तो म्हणजे चालणें. 2024 सालीं ऑस्ट्रेलियांतील 701 माणसांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. कंबरदुखींतून नुकत्याच उठलेल्या या माणसांपैकीं अर्ध्यांना तज्ज्ञाच्या देखरेखीखालीं हळूहळू वाढवीत आठवड्यांतून पांच दिवस अर्धा तास चालावयास लावलें. कामाला अडथळा आणणारें दुखणें न चालणारांकडे साधारणपणें 112 दिवसांनीं परतलें; चालणारांकडे तें 208 दिवसांनीं परतलें. जवळजवळ दुप्पट सुट्टी, आणि खर्च चपलांचा! व्यायामाचेंही तसेंच आहे. योगासनें असोत वा फिजिओथेरपिस्टनें शिकविलेले प्रकार असोत, अमुकच एक सर्वश्रेष्ठ असें ठरलेलें नाहीं. जो नेमानें होईल तो श्रेष्ठ. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, त्या काळापासून आपल्या घराण्यांतून ही परंपरा आहे. मात्र कंबर ठणकत असतांना पुढें वांकण्याचे प्रकार एकदम सुरू करूं नयेत. चालण्यानें आरंभ करावा आणि मग शिकून पुढें जावें.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं, पट्टा बांधला काय किंवा न बांधला काय, फार बिघडत नाहीं. दुसरी गोष्ट सांगावयाची ती याचसाठीं.

धुळ्याला माझी धाकटी बहीण असते. तिचा मुलगा 26 वर्षांचा, शिरपूर-धुळें असा रोज दुचाकीवरून जाणारा. त्याची कंबर दुखूं लागली तेव्हां मीं माझ्या अनुभवाचा तोरा मिरवीत त्याला जळगांवहून एक पट्टा नेऊन दिला. पंधरा दिवस त्याला बरें वाटलें, आणि माझी छाती फुगली. त्यानंतर चार महिने तो पट्टा त्याच्या कमरेला होता. या चार महिन्यांत त्याचें वजन उतरलें. आम्ही म्हणालों, बाहेरचें खाणें. संध्याकाळीं अंग कोमट लागे. आम्ही म्हणालों, उन्हाची कडकी. एके दिवशीं बहिणीचा फोन आला. “अण्णा, हा रात्रीं कूस बदलतांना ओरडतो रे.” मीं काय उत्तर द्यावें? मीं म्हणालों, “पट्टा सैल बांधत असेल. घट्ट बांध म्हणावें.”

हें वाक्य मी आजही विसरलों नाहीं.

पुढें जिना चढतांना त्याचे पाय जड पडूं लागले तेव्हां आम्ही जागे झालों. तपासण्या झाल्या, मणक्यांतील तुकडा काढून पाहिला आणि निदान झालें : मणक्यांचा क्षय. हा रोग नवा नाहीं. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शस्त्रवैद्यानें 1779 सालीं त्याचें वर्णन केलें, आणि मिसर देशांतील प्राचीन शवांच्या कण्यांतही त्याच्या खुणा सांपडल्या आहेत. आपल्या देशांत तो अजून पुष्कळ आहे. सुदैवानें त्यावर औषध आहे, आणि सरकारी क्षयरोग कार्यक्रमांतून तें विनामूल्य मिळतें. भाच्यानें वर्षभर एकही दिवस न चुकवितां औषध घेतलें. पायांत बळ परत आलें. आज तो कामावर जातो. पण चार महिने आधीं गेलों असतों तर पायांपर्यंत पाळी येतीच ना.

यांत एक विलक्षण गोष्ट अशी कीं, निदान झाल्यावर डॉक्टरांनीं त्याला स्वतःच एक पट्टा दिला. पण तो माझ्या पट्ट्यासारखा नव्हता. मापानें घडविलेलें तें कठीण कवच होतें. पोखरलेला मणका औषधानें भरून येईपर्यंत कणा ढळूं नये यासाठीं, आणि ठराविक महिन्यांपुरतें. मणका मोडला असतां, कांहीं शस्त्रक्रियांनंतर, किंवा अशा रोगांत आधार हा उपचाराचा भाग असतो. तेथें तो डॉक्टरांच्या आज्ञेवांचून सोडूंही नये. पट्टा तेथें निदानानंतर आला. मीं तो निदानाच्या जागीं बसविला होता.

म्हणून प्रत्येक घरानें पुढील लक्षणें लक्षांत ठेवावीं. कंबरदुखीबरोबर ताप, वजन उतरणें, रात्रीं पडल्यापडल्या वाढणारें दुखणें. पूर्वीं कर्करोग किंवा क्षय होऊन गेलेला असणें. वृद्ध माणसाची, विशेषतः वृद्ध स्त्रीची, साध्या घसरण्यानंतर सुरू झालेली कंबरदुखी. पायांतील शक्ति कमी होणें : यांपैकीं कांहींही असेल तर पट्टा, तेल आणि शेक बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावें. लघवी अडणें किंवा नकळत होणें, शौचावरील ताबा जाणें, अथवा बसण्याची जागा आणि मांड्यांचा आंतील भाग बधिर होणें हीं लक्षणें दिसलीं तर सकाळची वाट पाहूं नये. त्याच घटकेस रुग्णालय गांठावें. लाजेपायीं हीं लक्षणें घरांतल्या स्त्रिया सांगत नाहींत. म्हणून विचारण्याचें काम घरांतल्या वडील स्त्रियांनीं करावें.

आतां अमळनेरच्या भगिनींना उत्तर. आपलें दुखणें दोन वर्षांचें आहे. एकदां नीट तपासून घ्या. वरील लक्षणांपैकीं कांहीं नसेल तर भीति सोडा. रोज चाला, आरंभीं दहा मिनिटें पुरेत. एखादा व्यायाम शिकून घ्या आणि तो सोडूं नका. ज्या दिवशीं काम जड आहे त्या दिवशीं दोन-चार तास पट्टा बांधावासा वाटला तर खुशाल बांधा. पण तो रोजचा पोशाख करूं नका.

आणि आपल्या घरांतील उरलेल्या नऊ माणसांना माझा एक प्रश्न आहे. घरांत वांकण्याचें आणि उचलण्याचें काम कोण करतें? पाण्याचे हंडे, पाळण्यांतलें मूल, आजारी सासूबाई, खालच्या फळीवरचे जड डबे हें सारें एकाच कमरेवर पडत असेल, तर दहा मतें देण्यापेक्षां दोन हात देणें बरें. आमच्या घरीं हें आम्हांस फार उशिरां सुचलें. मातुःश्रींना उचलण्याची पाळी मीं आणि थोरल्या बंधूंनीं वांटून घेतली, आणि पलंग उंच करून घेतला, तेव्हां कोठें वहिनींची कंबर हलकी होऊं लागली. मीं एकदां विचारलें, “वहिनी, पट्ट्यानें गुण आला कीं चालण्यानें?” त्या म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही दोघे वांकूं लागलांत तेव्हां आला.”

हल्लीं त्या पहाटे मेहरूण तलावाकडे फिरावयास जातात. पट्टा कपाटांत आहे. उन्हाळ्यांत पापड-कुरडयांचा घाट घातला म्हणजे दोन दिवस तो बाहेर निघतो, आणि तिसऱ्या दिवशीं घडी होऊन परत जातो.